सरोजाक्काची लाईन

सरोजाक्का कुणालाच नावानं हाक मारायची नाही. गावानं मारायची. बेळगावात शहापूरच्या गल्लीत तिच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला आलो, तेव्हा हातात पत्र्याची पेटी आणि काखेत वळकटी घेऊन दारात उभा होतो. दार उघडून तिनं विचारलं, "कुठनं?"

"अशोक शिंदे," मी म्हणालो.

"नाव न्हाय विचारलं. कुठनं?"

"करमाळ्याजवळनं. सोलापूर जिल्हा."

"बरं. करमाळा, चप्पल खाली काढ. पाणी तिसऱ्या दिवशी येतंय, पहाटे. उठलास तर तुझं, न्हाय तर न्हाय."

त्या दिवसापासून मी करमाळा झालो. समोरच्या घरात खानापूरकडच्या गुंजी गावचा परशराम राहायचा, भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तो गुंजी. दूधवाला हिंडलगा. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली बाई ती. तिच्या लेखी माणूस म्हणजे स्टेशन होतं, आणि त्याला लाईन जोडून देणं हे आपलं काम.

उंच, वाळकी, मान जरा डावीकडं कललेली. ती चौतीस वर्षांची कमाई, असं म्हणायची. डावा कान कामाचा, उजवा घरचा. उजव्या बाजूनं कुणी महत्त्वाचं बोलायला लागलं की अख्खी वळायची आणि डावा कान पुढं करायची. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी एकच उत्तर मिळालं असतं, "लाईन खराब हाय." अर्ध्या शहराची भांडणं, सोयरिकी, चोरून केलेले फोन तिच्या कानावरून गेले होते. गल्लीतल्या बायका एखाद्या जुन्या वकिलाचं लफडं काढून तिला टोचायच्या, "अक्का, तुमास्नी ठाऊक असंल की." अक्का तांदूळ निवडत म्हणायची, "त्या दिवशी लाईन खराब होती गं." मला तिची ही सवय फार आवडायची. माझ्यासारख्या सदा घाबरलेल्या माणसाला, आपलं बोलणं जिथं गेलं तिथंच राहतं, एवढं कळलं तरी पुष्कळ असतं.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होतो. आठवी पास झाल्यावर शाळा सोडली आणि मशीनला चिकटलो. बायको, रेखा, गावाकडं आईजवळ. तिला सातवा महिना लागला आणि सगळं बंद झालं. कारखाना बंद, बस बंद, रेल्वे बंद. मालक म्हणाले, "फोन करतो." आधीच्या खेपेला रेखाचं सहाव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हाही मी इथंच, मशीनवर. मला कळलं तोवर दोन दिवस होऊन गेले होते. गेल्यावर तिनं मला नुसतं ताट वाढलं. या खेपेला मी असणार, असं तिला शब्द देऊन आलो होतो.

त्यामुळं बंद झालेल्या त्या पहिल्या आठवड्यात मी खोलीत नुसता चालत होतो. खिडकी ते दार, दार ते खिडकी. टीव्ही नव्हता, मोबाईलवर आकडे बघायचो आणि परत चालायचो. चौथ्या दिवशी खालून काठीनं तक्तपोशी बडवल्याचा आवाज आला.

"करमाळा! माझ्या डोक्यावर रेल्वे चालू केलीस काय रं? गुंजीची पॅसेंजर पण एवढ्या फेऱ्या मारत न्हाय. खाली ये."

खाली गेलो. अंगणात लांब उभं करून तिनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "आज सहाला गॅलरीत उभा राहा. सगळ्यांना सांगितलंय. एकेकानं आज बघितलेली एक बरी गोष्ट सांगायची. तीन मिनिटं. रोगाचं नाव काढायचं न्हाय. काल सांगितलेली परत सांगायची न्हाय. आणि खोटं चालणार न्हाय."

मला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

सहाला सगळी गल्ली आपापल्या गॅलरीत, गच्चीवर, उंबऱ्यावर लाजल्यासारखी उभी. अक्का तिच्या कट्ट्यावर. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या अंगाला, ते हात उलटा करून बघायची. दुसऱ्या हातात स्टीलचा डाव. "बोला गुंजी, लाईन चालू हाय."

परशराम तोंडावरचा रुमाल सारखा करत म्हणाला, "काय सांगू अक्का, आज हायवेला मोर उभा होता. पार मधोमध. हॉर्न दिला तर हलंना. पिसारा बी न्हाय फुलवला, नुसताच उभा. शेवटाला मीच बाजूनं गाडी घातली."

"खाली उतरून नमस्कार न्हाय केलास व्हय?" त्याची बायको आतून म्हणाली आणि सगळी गल्ली हसली. चार दिवसांत मी ऐकलेलं ते पहिलं हसणं.

कुणी सांगितलं, रस्त्याला गाड्या नाहीत म्हणून लष्कराच्या कॅम्पातला बिगुल पार शहापुरापर्यंत ऐकू आला. कुणाच्या पोरीचा दात पडला होता, तो तिनं सगळ्यांना लांबूनच दाखवला. तीन मिनिटं झाली की अक्का कट्ट्यावर डाव वाजवायची, मग सांगणारा वाक्याच्या मधे असला तरी गप्प. माझी पाळी आली. दिवसभर मी आकड्यांशिवाय काही बघितलं नव्हतं. म्हणालो, "कोपऱ्यावरच्या शेवग्याला फुलं आलीत."

"कुठल्या शेवग्याला?"

"त्या गटारीजवळच्या."

"तो शेवगा फेब्रुवारीतच पाडला, गटारीच्या कामाला. राँग नंबर. उद्या खरं आण."

गल्ली परत हसली. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी खरं शोधायला लागलो. हुडकून हुडकून हाताशी आली ती शेजारच्या आंब्याची एक फांदी, माझ्या खिडकीपर्यंत आलेली, आणि तिला एकच कैरी. माझ्या पेटीत व्हर्निअर होता, मिलिमीटरचा बारीक हिस्सा मोजायचं आम्हा टर्नर लोकांचं हत्यार. रिकाम्या हाताला काम नव्हतं, तर कैरी मोजली. संध्याकाळी सांगितलं, "कैरी, आज अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन मिलिमीटर."

अक्कानं डावा कान पुढं केला. "परत सांग."

"अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन."

"आणि उद्या?"

"उद्या मोजल्यावर कळंल की."

परत तीच गोष्ट सांगायची नाही, हा नियम तिनं माझ्या कैरीपुरता सोडला. आकडा रोज वेगळा, म्हणून बातमी वेगळी, असा तिचा निकाल. पुढं पुढं सहा वाजले की पोरं ओरडायची, "करमाळाकाका, कैरी किती?" वळीव पडून गेला त्या रात्री ती एकदम सव्वा मिलिमीटर वाढली, तर गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र मोजताना मनात वेगळाच हिशेब धरायचो. तो कुणाला सांगितला नाही. रेखाला रोज फोनवर विचारायचो, हालचाल हाय का, आणि ती चिडायची, "तुम्ही तिथं बसून किती मोजणार?"

आठवा महिना संपत आला तसं मला राहवेना. जायचंच, असं मी अक्काला सांगितलं, चालत का होईना. ती म्हणाली, "चालत जाशील आणि वाटेतच पडशील. लाईन लावते, थांब."

लाईन लावते म्हणजे काय ते मी नऊ दिवस बघितलं. बोटानं नाही, पेनाच्या मागच्या टोकानं नंबर दाबायची. पलीकडनं कुणी उचललं की स्वतःचं नाव सांगायची नाही. खणखणीत कन्नडात म्हणायची, बेळगाव बोलतेय, साहेबांना द्या. त्या आवाजापुढं शिपाई, कारकून, सगळे सरळ होऊन बसायचे, आणि आपण कुणाशी बोललो ते कळायच्या आत फोन पुढं जोडून द्यायचे. नवव्या दिवशी माझा पास आला. जिल्ह्याबाहेर जायला परवानगी, एका माणसाला. अक्कानं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "जा आता. कोगनोळी पार केलीस की आपलंच गाव."

चूक तिथं झाली, आणि ती एकट्या अक्काची नव्हती, सगळ्या गल्लीची होती. कोगनोळी म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरचा नाका, पण त्या माणसांच्या लेखी कोल्हापूरच्या वाटेवरचा चहाचा थांबा. डोळ्याचं ऑपरेशन, जोतिबा, लग्नाचं सोनं, सगळ्याला इथली माणसं तिकडं जायची, आणि तिकडची माणसं साड्या घ्यायला शहापुरात यायची. सीमा ही मोर्चातली, कोर्टातली, पेपरातली गोष्ट. त्यासाठी भांडणारी माणसंसुद्धा रस्त्यात ती कधी लागली म्हणून थांबली नव्हती. तेव्हा बाहेर पडायचा पास इकडचा लागतो, तसा आत शिरायचा तिकडचा लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. परशराम तर रोज त्या रस्त्यानं जायचा, पण भाजीच्या गाडीला कोण अडवतंय?

त्यानं मला भल्या सकाळी कोगनोळीत सोडलं आणि माल घेऊन माघारी फिरला. इकडच्या पोलिसांनी पास बघितला, शिक्का मारला, जा म्हणाले. मी चालत पलीकडच्या नाक्यावर गेलो. तिथल्या हवालदारानं पास उलटा सुलटा केला.

"हा त्यांचा झाला. आपला कुठाय?"

"आपला म्हणजे?"

"सोलापूर जिल्ह्याचा. आत यायचा."

"मी तिथलाच हाय साहेब. आधार कार्ड बघा."

"ते समदेच तिथलेच असत्यात. मागं व्हा."

मागं आलो तर इकडचे म्हणाले, तुझा पास जाण्याचा आहे, येण्याचा नाही. बाहेर पडल्याचा शिक्का बसला. मी दोन नाक्यांच्या मधे डांबरी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. डोक्यावर ऊन. माझ्यासारखे आणखी सात-आठ जण, पोरंबाळं घेऊन. मोबाईलची बॅटरी बावीस टक्के. अक्काला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. मग ती म्हणाली, "थांब, घाबरू नको. सावली हाय काय तिथं? काय दिसतंय तुला?"

ती बहुतेक मला धीर द्यायलाच विचारत होती. पण माझ्या डोक्यात कैरी, टाळ्या, डाव, सगळं एकदम चढलं. मी ओरडलो, "काय दिसतंय काय? तुमचा पोरखेळ बस झाला! तुमची वाट बघणारं कोण हाय घरात? तुमास्नी काय कळणार?"

मग ती म्हणाली, "चूक माझी हाय. बॅटरी राख. फोन ठेवते."

तिनं कधी चूक कबूल केल्याचं मी ऐकलं नव्हतं. फोन बंद झाल्यावर मी तिथंच खाली बसलो. दुपारी एक धनगर तिकडून मेंढरं घेऊन आला. दोन्ही नाक्यांवरनं तो कळप सरळ निघून गेला. पोलीस काठ्या आडव्या धरून बाजूला सरले. एक कोकरू मागं राहून माझ्या पिशवीचा बंद चघळत बसलं, धनगरानं शीळ घातल्यावर पळालं. तिकडनं घरी परतताना अडकलेला, माझ्याजवळ बसलेला निपाणीचा एक म्हातारा म्हणाला, "मेंढराच्या जल्माला आलो असतो तर आज घरी असतो." मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. पहिला विचार आला तो हा, की हे अक्काला सांगायला पाहिजे. आणि सांगायचं तोंड मी सकाळीच घालवून बसलो होतो.

संध्याकाळी इकडच्यांनी आम्हाला गाडीत घातलं आणि निपाणीजवळच्या एका शाळेत चौदा दिवसांसाठी नेऊन ठेवलं. मला नववीचा वर्ग मिळाला. आठवीनंतर शाळा सोडलेल्याला नववीचा वर्ग बघायचा राहिला होता, तो असा बघितला. भिंतीवर मानवी पचनसंस्थेचा तक्ता, आणि त्याच्याखाली माझी सतरंजी.

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला फोन वाजला. मी घाईघाईनं म्हणालो, "अक्का, काल मी जे बोललो..."

"काल कोगनोळीत लाईन खराब होती. मला काही ऐकू आलं न्हाय. आज काय बघितलंस?"

मी मेंढरं सांगितली. कोकरू सांगितलं. तिनं तीन मिनिटांत दोनदा कन्नडात "हौदा?" म्हटलं, म्हणजे खरंच काय? मग म्हणाली, "आता आमची ऐक. कैरी आज तुझ्या पेटीतल्या हत्यारानं मोजली. साडेचारशे मिलिमीटर."

"अक्का, कैरी हाय का भोपळा? व्हर्निअरवरची बारीक रेघ बघायची असती."

"तुझं हत्यार खोटं हाय," असं म्हणून तिनं ठेवून दिला.

रोज सहाला फोन. गल्लीत काय झालं, कोण काय बोललं. तिकडचा पास काढायचं तिचं काम दिवसभर चालूच होतं, पण ते ती सांगायची नाही. नवव्या दिवशी मात्र आवाज जरा खाली आला. "कैरी माकडानं नेली रं. खरं सांगायचं म्हणून सांगते."

लोक हसतील, पण मी ती कैरी कशाशी जोडून ठेवली होती ते मलाच माहीत. त्या रात्री पचनसंस्थेखाली मी परत चालायला लागलो, फळा ते दार, दार ते फळा. वॉचमन येऊन ओरडून गेला. रेखाचा फोन लागत नव्हता. आईचाही नाही.

सकाळी सात वाजता अक्काचा फोन. सहाची बाई सातला, आणि तेही सकाळी. एक्स्चेंजमध्ये फोनचे तीन दर्जे असायचे, तिनंच कधीतरी सांगितलं होतं: ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यात वरचा लाइटनिंग. तो आला की बाकी सगळ्या लाईनी बाजूला.

"लाइटनिंग," ती म्हणाली. "करमाळा, हलू नको. जोडते."

खरखर झाली आणि मग रेखाचा आवाज आला, लांबचा, दमलेला. "अहो. मुलगी. दोघी बऱ्या हाय."

अक्कानं माझ्या गावच्या दवाखान्याचा नंबर कुठनं काढला, रात्रभर कुणाकुणाला उठवलं, ते मला आजवर कळलं नाही. आपण दुसऱ्याचं ऐकत नाही हे दाखवायला तिनं फोन टेबलावर ठेवला असावा. मला रेखाच्या आवाजामागं शहापूरच्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. एक, दोन, सहा, सात. भात करपला असणार. तिनं उठून गॅस बंद केला नाही.

पंधराव्या दिवशी शाळेतनं सुटलो. तोवर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बस सुरू झाली होती. फाटकाबाहेर अक्का उभी, पहिल्या बसनं आलेली. तोंडाला घरी शिवलेला मास्क, काखेत प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये इकडचा पास, तिकडचा पास, शाळेतनं सुटल्याचा दाखला, डॉक्टरचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स.

"ओरिजिनल तुझ्याजवळ. झेरॉक्स माझ्याजवळ," ती म्हणाली. "ह्या खेपेला मी बघून घेते."

कोगनोळीला जाणाऱ्या रिक्षात ती एका टोकाला, मी दुसऱ्या. तिनं पिशवीतनं एक दुपटं काढलं, जुन्या मऊ लुगड्याचं, टाके हातचे. "पोरीला. माझं न्हवं, माझ्या आईच्या लुगड्याचं हाय. विटलंय, पण बाळाला नवं कापड टोचतंय." मी घेतलं. मला खूप काही म्हणायचं होतं, पण ती बाहेर उसाकडं बघत होती, आणि रिक्षाचा आवाज फार होता. म्हटलं, उतरल्यावर बोलू.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेली. त्या उन्हाळ्यात माणसं कशानं जात होती ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते लिहीत नाही. बेळगावचा कारखाना परत उघडलाच नाही. मी आता तमिळनाडूत होसूरला लेथवर आहे, घरापासून होतो त्याच्यापेक्षाही लांब. परशरामनं फोन करून कळवलं, तेव्हा माझी मशीन चालू होती. म्हणून मला ती आजारी दिसली नाही, गेलेली दिसली नाही. मला दिसली ती शेवटची कोगनोळीतच.

त्या दिवशी नाक्यावर गर्दी होती. अक्का मला मागं ठेवून सरळ टेबलाशी गेली आणि पोलिसाशी कन्नडात सुरू झाली. मागच्या खेपेला माणूस उन्हात का बसवला, पोरगी झालीय त्याला, कागद बघा की आधी. पोलीस काही म्हणतच नव्हता, पण ती त्याला बोलू देईल तर ना. तेवढ्यात बाजूच्या दुसऱ्या पोलिसानं माझ्या कपाळाला यंत्र लावलं, माझ्या हातातले कागद बघितले आणि कन्नडात म्हणाला, "नडी, नडी," म्हणजे चल, चल. तिकडच्या हवालदारानंही बघितले. "चला, ती जीप सुटतेय, बसा." पाच मिनिटंही लागली नाहीत. मी पलीकडं होतो.

मागं बघितलं. अक्का टेबलावर वाकून भांडतच होती, पाठ माझ्याकडं. आणि डावा हात मागं पसरलेला, बोटं हलवत. मी मागंच उभा आहे असं समजून ओरिजिनल मागत होती.

"अक्का!" मी ओरडलो.

तिनं वळून बघितलं नाही. तोच हात जरा वर उचलून मला गप्प केलं, थांब रं, मी बोलतेय न्हवं, आणि तळवा उघडून परत मागं धरला. जीपवाल्यानं हॉर्न दिला.